चौथ्या खोलीची चूक

"ताई, बठ्ठ्या खोल्या बंद पडन्यात!"

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. धुळ्याचे सुपडूनाना फोनवर ओरडत होते. त्यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे. प्रत्येक खोलीत मोजून थंडी सोडायची, हे काम आमच्या कंपनीच्या प्रोग्रामचं. येणारा सोमवार श्रावणातला, उपवासाला पिवळी पण टणक केळी हवीत. खोल्या तापल्या की माल गुरांपुढे टाकायचा.

मी पिंप्राळ्यातून तडक निघाले. एसटी पारोळ्यावरून धुळ्याला पोचली, तशी थेट चेंबरवर गेले.

चौथ्या खोलीतल्या सेन्सरची तार सुटली होती. तापमान वाचणाऱ्या फंक्शनने एक्सेप्शन फेकली, म्हणजे हातातलं काम टाकून बोंब ठोकली. ती झेलायला कोणी नव्हतं. प्रोग्राम बंद, सगळ्या खोल्यांचे कॉम्प्रेसर बंद.

"एक्सेप्शन झेल आणि सोडून दे," आमचे सर फोनवर म्हणाले. "नंतर बघू."

"सर, मग चौथी खोली गुपचूप सडेल!"

चिडूनच मी फंक्शन बदललं. आता ते बोंबलत नाही. परत येऊन एक तर तापमान देतं, नाही तर चूक हातात ठेवतं. ती न पाहता पुढे गेलं, की कोड तपासणारा कंपायलर अडून बसतो. चूक आली तर काय करायचं, ते तिथेच लिहावं लागतं.

पण लिहायचं काय?

"नाना, तापमान कळलं नाही तर थंडी चालू ठेवू की बंद?"

"चालू ठेवं ते साल काळी पडी. बंद ठेवं ते पिकी जाई." नाना येरझाऱ्या घालत होते. "तिसरीमा तोच माल शे. तिन्हा बरोबर चालाव. आन भोंगा वाजाड, मी तार पाही लिसू."

तसं लिहिलं: चौथीचं तापमान कळेना, तर ती तिसरीबरोबर चालू-बंद होईल आणि भोंगा वाजेल. तारही बसवली. सोमवारचा माल पिवळाधमक गेला.

नवा माल भरला आणि पुन्हा फोन. "चौथीना बठ्ठा माल पिकी गया. तुन्हा भोंगा वाजनाच नही!"

पुन्हा धुळे. तार पुन्हा सुटलेली. तिसरी खोली रिकामी म्हणून बंद, तिच्याबरोबर चौथीही. स्क्रीनवर चूक ठळक दिसत होती. भोंग्याच्या तोंडात फडक्याचा बोळा.

"वाजी वाजी डोकं उठनं," नाना पुटपुटले. "मी म्हनं, तार नंतर पाहूत."

मला चूक डावलू द्यायला कंपायलर तयार नसतो. नानांसाठी तसा कोणी मिळेना. शेवटी भोंगा त्यांचा हात पोचणार नाही इतका उंच बसवून आले.