खाणीतलं पाणी

बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचं आता संग्रहालय झालंय. ताईनं हौसेनं मला खाली नेलं. छतातून डोक्यावर थेंब पडला, ओल्या कोळशाचा वास आला आणि मी थेट कडा गावाजवळच्या आमच्या लहानपणीच्या अंगणात जाऊन पोचले.

दुष्काळ होता. कारखान्याचा टँकर आला तर आला. आम्ही बाजेवर बसून अंघोळ करायचो, बाजेखाली घमेलं ठेवायचो आणि त्यात साचलेल्या पाण्यात धुणं धुवायचो. तेव्हा ताई दाजींना घेऊन माहेरी आली. दाजी ह्याच खाणीत कामाला होते. त्यांनी बाजेवर बसून भडाभडा तांबे ओतले. निम्मं पाणी घमेल्याबाहेर मातीत गेलं. जावयाला बोलणार कोण?

"दाजी, दमानं! त्यात धुणं धुवायचंय," मीच ओरडले.

दाजी हसले. "आमच्या खाणीत तर पाणी रातंदिस उपसून फेकून देतेत."

ताईचे केस शिकेकाईनं धुतलेले, मऊ होते. माझ्या केसांची जट झालेली. तिची वेणी घालताना मी ती मुद्दाम करकचून ओढली.

"इथंच कंबरभर पाण्यात उभं राहून ह्यांचे गुडघे गेले. लई सोसलं," आता ताई म्हणाली. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. मला वाईट वाटलं, पण कान पलीकडच्या पंपाच्या आवाजाकडं होते. खाण बंद झाली, तरी उपसा चालूच होता.

मी गळत्या छताखाली ओंजळ धरली.

"अगं, घाण पाणी हाय ते!"

"असू दे," मी म्हणाले. "धुण्याला चालंल."