रिकामी कोठी आणि सात मणी

आयोडीनचा थेंब काडीच्या कापावर पडला आणि पिवळाच राहिला.

मी मुद्दाम गप्प बसले. पंचवीस वर्षं द्राक्षबागांना सल्ला देते आहे. कुठे गप्प बसायचं, हे मी छाटणीच्याही आधी शिकले. मखमलाबादच्या त्या अंगणात माझे प्रेक्षक दोनच. एक सुरेखा, माझी क्लायंट, घरामागच्या तीन एकर बागेची मालकीण. दुसरे तिचे सासरे, नाना. ऐंशी ओलांडलेले, खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसलेले.

मग मी खिशातून दुसरी काडी काढली, सुरेखाच्या बागेतली. तिच्या कापावर थेंब टाकला. काप बघता बघता काळाकुट्ट झाला.

"जादू नका करू मॅडम," नाना म्हणाले. "आमचा मरतोय का, तेवढं सांगा."

मरतच होता. अंगणातल्या मांडवावर एकच वेल, जुन्या भोकरी जातीचा. बिया असलेली ही द्राक्षं आता कुणी लावत नाही. नानांच्या बायकोने लग्नानंतर माहेरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, याची काडी आणली होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली. नाना बायकोचं नाव घेत नाहीत, 'ती' म्हणतात. दरवर्षी फाल्गुनात तिच्या तिथीला याच वेलाचा घड फोटोपुढे ठेवतात. गेल्या वर्षी मणी आले ते वाटाण्याएवढे.

सुरेखाचं म्हणणं साधं होतं. अशक्त वेलावर मिलीबग बसतो, म्हणजे पिठासारखी पांढरी कीड. तिथून ती तिच्या बागेत उतरते. यंदा सुधारला नाही, तर वेल काढायचा. हे नानांना सांगायचं काम मात्र तिला माझ्याकडून करून घ्यायचं होतं. अशी कामं क्लायंट फीमध्येच धरतात.

आता त्या पिवळ्या थेंबाचा अर्थ. पान उन्हात साखर तयार करतं. लागेल तेवढी वापरतं, उरलेली साखर वेल जोडून-जोडून तिचा स्टार्च करतो आणि खोडात, काड्यांत, मुळांत साठवतो. स्टार्चवर आयोडीन पडलं की काळं होतं. बागेत काम करणाऱ्या बायकांना मी सांगते, स्टार्च म्हणजे कोठीतलं धान्य. धान्य तसंच खाता येत नाही. पेशी आधी त्याचं पीठ करते, म्हणजे पुन्हा साखर. मग ती साखर प्राणवायूच्या मदतीने हळूहळू जाळून त्या पिठाची भाकरी करते. या भाकरीचं नाव एटीपी. पेशीचं प्रत्येक काम तिच्यावर चालतं. पण ही भाकरी शिळी ठेवता येत नाही. करायची आणि लगेच खायची. म्हणून कोठी भरलेली लागते.

नाशिककडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. दोन्ही वेळी वेल उघडाबोडका होतो. पहिली पाच-सहा पानं मोठी होईपर्यंत तो कोठीतलंच खातो. नानांच्या वेलाची कोठी रिकामी होती, आणि गोडी छाटणी आठवड्यावर आली होती.

का रिकामी, ते सापडेना. पाणी ठीक. मुळं ठीक. खत तर नाना नातवाला तूप वाढावं तसं घालत होते. शेवटी मी त्यांना म्हटलं, या वेलाचं एक वर्ष मला सांगा, पहिल्या दिवसापासून.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. फेब्रुवारीअखेर घड काढायचे, मग तिची तिथी, मग एप्रिलची छाटणी. मी त्यांना मध्येच थांबवलं. तिथीला काय करता?

"काय करायचं? चार माणसं जेवायला येतात. तिला अंगणात पान पडलेलं खपायचं नाय. म्हणून आदल्या दिवशी वेलाची समदी पानं काढतो. काड्याबी आखूड करतो. अंगण लखलखीत."

"कधीपासून?"

"ती गेली तवापासून. आधी तीच झाडायची, रोज."

कारण सापडलं होतं. घड उतरल्यावर पानांना पहिल्यांदा उसंत मिळते. तोच महिना कोठी भरायचा. नाना नेमकी तेव्हाच पानं उतरवत होते. वेल पुन्हा फुटायचा, आणि दीड महिन्यात पुन्हा छाटला जायचा. बाकीचे वेल वर्षातून दोनदा कोठी उपसतात, हा तीनदा उपसत होता. सहा वर्षं.

मी ते शक्य तितकं हळू सांगितलं. नानांनी पायाजवळची काडी उचलली आणि त्या पिवळ्या कापावर अंगठा फिरवत राहिले.

"म्हंजे मीच."

सुरेखा आत चहा ठेवायला गेली. चहा नुकताच झाला होता.

मी उपाय सांगितला. यंदा छाटणी हलकी. घड दिसले की सगळे खुडायचे, एकही पिकवायचा नाही. फळ आलं की सगळी साखर तिकडे पळते. तिथीला पानाला हात लावायचा नाही. अंगणात पाचोळा पडला तर पडू द्यायचा.

"पुढल्या साली मी असंन का, ते सांगते का तुमची बाटली?"

"बाटली फक्त वेलाचं सांगते, नाना."

"मग तिच्यापुढं काय ठेवू? बाजारातली? बिनबियांची?"

त्यांनी एक घड मागितला. मी नाही म्हणाले. अर्धा मागितला. मी नाही म्हणाले. भाजीबाजारात चाळीस वर्षं काढलेला माणूस तो. बराच वेळ घासाघीस केल्यावर एका घडाचे सात मणी ठरले. पुढे घड आल्यावर त्यातले बाकीचे मणी मी स्वतः कात्रीने विरळले. रिपोर्टमध्ये मात्र 'सर्व घड काढले' असंच लिहिलं. सुरेखाने ते वाचलं, मांडवाकडे पाहिलं आणि सही केली.

तिथीला मलाही बोलावणं होतं. अंगणात घोट्याएवढा पाचोळा. पाहुणे चपला कुठे काढायच्या म्हणून घोटाळत होते. एका भावकीतल्या बाई म्हणाल्या, घराची अगदीच रया गेली हो. नाना म्हणाले, बसा तसंच. फोटोपुढे वाटीत सात मणी होते, चांगले टपोरे. वाऱ्याने एक पान उडून वाटीजवळ आलं. नानांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. पान तिथेच राहिलं.

पुढच्या ऑक्टोबरला मी बाटली घेऊन गेले. थेंब टाकला. काप काळा झाला.

"अजून एक टाका," नाना म्हणाले.

मी दुसऱ्या काडीवर टाकला, मग तिसऱ्या. सगळे काळे. चौथ्यांदा त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः टाकला. त्यानंतरच्या फेब्रुवारीत त्यांनी भोकरी पोटभर खाल्ली, आणि बिया अंगणातच थुंकल्या. सुरेखाने त्या झाडल्या. वेल काढायची भाषा पुन्हा निघाली नाही.

माझ्या व्हिजिट फॉर्मवर पाण्याचा रकाना आहे, खताचा आहे, किडीचा आहे. हल्ली मी अजून एक प्रश्न विचारते : या घरात कुणाची आठवण काढता, आणि त्या दिवशी काय कापता? त्याला रकाना नाही. उत्तर मी 'इतर'मध्ये लिहिते.