तिसऱ्या रात्रीचं पाणी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. हिंटरमूसच्या वरच्या वाहनतळावर उणे अकरा. रोझविटा बेस्लर कपाळाला दिवा बांधून कोपऱ्यातल्या पिवळ्या पेटीतून बादलीने बारीक खडी आणत होती आणि आपल्याच गाडीभोवती पसरत होती. ही तिसरी बादली. गाडीच्या मागच्या चाकाजवळून निघालेला बर्फाचा थर तिकीटखिडकीच्या पायवाटेपर्यंत पोचला होता, काचेसारखा गुळगुळीत. रात्री ती झोपली तेव्हा हे सगळं पाणी गाडीच्या टाकीत होतं. नव्वद लिटर.

पायवाटेवर सातच्या आत खडी पडली पाहिजे, हा आमच्याकडचा नियम आहे. कुणी घसरलं तर ज्याच्या दारात घसरलं तो जबाबदार. गाडीच्या आत नळ कोरडा पडला होता, बॉयलर रिकामा होता आणि बरोबर सात वाजता रोपवेचा व्यवस्थापक कोर्बिनियान श्राट तोच नळ तपासायला येणार होता. तरीही रोझविटाने आधी बादली उचलली. तसं का केलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता.

रोझविटाला एकसष्ट पूर्ण झाली आहेत. बावीस हिवाळे ती खुर्च्यांच्या रोपवेच्या वरच्या स्थानकावर उभी आहे. येणाऱ्याला उतरवायचं, पडलेल्याला बाजूला ओढायचं, वारा वाढला की दोर थांबवायचा. उन्हाळ्यात ती डोंगरवाटांचे दिशाफलक रंगवते. ही बावीस वर्षं ती रोपवेच्या गॅरेजवरच्या खोलीत राहिली. या वसंतात मालकांनी त्या मजल्यावर पर्यटकांसाठी सदनिका काढायचं ठरवलं आणि तिला खोली सोडायला सांगितलं. खाली खोऱ्यात घर मिळतं, पण हिमकडे कोसळायचा धोका असला की खालचा रस्ता आठ वाजेपर्यंत बंद असतो, आणि वरच्या स्थानकाच्या माणसाला सव्वासातला पहिल्या खुर्चीत बसावं लागतं. म्हणजे ज्याला हे काम हवं त्याने वरच राहायचं.

म्हणून तिने कॅम्परव्हॅन, राहायच्या सोयीची गाडी, घेतली. कोरी, सहा मीटर लांबीची, कागदोपत्री उणे पंधरापर्यंत राहण्याजोगी.

श्राटने अट घातली होती. गेल्या वर्षी एका हंगामी कामगाराची अशीच गाडी पहिल्याच आठवड्यात गोठली आणि तो महिनाभर गुपचूप मशीनघरात झोपला. तपासनीसाला रोपवे चालवणाऱ्या मोटारीशेजारी उशी सापडली. "तीन रात्री इथे झोप," श्राट रोझविटाला म्हणाला होता. "तिसऱ्या सकाळी नळाला पाणी आलं तर जागा तुझी, हंगाम तुझा. नाही आलं तर मला दुसरा माणूस बघू दे. हंगामाच्या माणसांची यादी शनिवारी दुपारी कंपनीत जाते."

पहिल्या रात्री उणे तीन होतं, दुसऱ्या रात्री उणे पाच. दोन्ही सकाळी नळाने मुकाट पाणी दिलं. आज शुक्रवार, तिसरी सकाळ.

साडेसहाला आलोईस त्सोबेल डोंगरउतारावरून खाली आला. तो रात्रभर हिम दाबायचं यंत्र चालवतो आणि सकाळी घरी जाण्याआधी प्रत्येकाला काहीतरी बोलून जातो.

"रोझी, अंघोळ घातलीस का गाडीला?"

"व्हॉल्व्ह उघडला."

"कुठला?"

"थंडीचा. बॉयलरजवळ तीन अंशांच्या खाली गेलं की तो आपोआप उघडतो आणि पाणी सोडून देतो. बॉयलर फुटू नये म्हणून."

"मग त्याने त्याचं काम केलं."

"त्याने केलं. हीटर चालू होता, आलोईस. रात्रभर आत एकोणीस अंश होते. मी अंगावरची गोधडी काढून झोपले होते. आणि व्हॉल्व्हला थंडी वाजली."

आलोईस वाकून गाडीखाली बघत राहिला. "आणि नुसत्या बॉयलरचं एवढं पाणी?"

"बॉयलरमध्ये दहाच लिटर. पंप चालू राहिला होता. व्हॉल्व्ह उघडला तसं पंपाला वाटलं, कुणीतरी नळ सोडलाय. ढकललं त्याने सगळं बाहेर."

"पंप बंद करून झोपायचं असतं ना?"

"पुस्तकात आहे. पान सत्त्याऐंशी. मला आज सकाळी सापडलं."

"माझा मेहुणा व्हॉल्व्हच्या बटणाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावतो. मग उघडायची टाप नाही त्याची. चिमटा लाव आणि गप्प बस."

"आणि मी दिवसभर वर असताना हीटर बंद पडला तर?"

"तर बॉयलर फुटेल. पण श्राटला आज पाणी दिसेल."

"जा घरी, आलोईस."

तो गेला. रोझविटा आत आली आणि मागच्या पलंगाची फळी उचलून कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागली. सप्टेंबरमध्ये गाडी घेताना तिने एकतीस प्रश्न वहीत लिहून नेले होते. सांडपाण्याच्या टाकीला आवरण आहे का, ती गरम राहते का. तळ दुहेरी आहे का. छतावरचं धुराडं हिमाखाली बुजेल का. सिलिंडर किती दिवस पुरतो आणि पहिला संपला की दुसरा आपोआप सुरू होतो का. विक्रेता फेफर्ले प्रत्येक प्रश्नाला हो म्हणाला होता आणि प्रत्येक हो खरा निघाला. ती गाडीखाली आडवी झाली तेव्हा त्याने तिच्यासाठी सतरंजी आणली. सव्विसावा प्रश्न या व्हॉल्व्हचा होता, कुठे आहे म्हणून. "पलंगाखाली, मागच्या दाराशी. सहज हात पोचतो," तो म्हणाला होता. हात सहज पोचतो म्हणून तिने त्या उत्तरापुढे दोन खुणा केल्या होत्या.

आता तिचा हात सहज पोचला. मागच्या दाराचा पत्रा बोटांना चिकटेल इतका गार होता आणि व्हॉल्व्ह त्या पत्र्यापासून चार बोटांवर बसवलेला होता. गरम हवेची नळी पलंगाखालून येत होती, अर्ध्या वाटेत डावीकडे वळत होती आणि झोपणाऱ्याच्या पायांशी उघडत होती. पाय गरम राहत होते. तिथून व्हॉल्व्हपर्यंत हातभर अंतर होतं आणि त्या हातभरात नोव्हेंबर होता.

व्हॉल्व्ह परत बंद करायचं बटण दाबून बघितलं. बसेना. सात अंशांच्या वर गेल्याशिवाय ते बसतच नाही, अशी त्याची रचना आहे. तिने पाण्याच्या कॅनमधलं पाणी किटलीत ओतलं, शेगडी पेटवली आणि गरम पाण्याची पिशवी भरून व्हॉल्व्हवर ठेवली. मग पलंगाच्या सांगाड्यावर पोट टेकून, एक हात पिशवीवर आणि एक बटणावर ठेवून ती पडून राहिली. सहा चाळीस. सहा पंचेचाळीस. तोंडाने ती एकामागून एक शिव्या देत होती, गाडीला, गाडी बनवणाऱ्यांना आणि पाय गरम ठेवायची कल्पना ज्याला सुचली त्याला. सहा बावन्नला बटण खट्कन बसलं. कॅनमधलं उरलेलं वीस लिटर पाणी तिने टाकीत ओतलं, पंप लावला, नळ सोडला. नळ दोनदा खोकला आणि वाहू लागला.

तिने खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. विचारलं नाही तर आपणहून सांगायचं, असंही ठरवलं नव्हतं.

सातला दोन मिनिटं कमी असताना श्राट आला. तो चव्वेचाळीसचा आहे. सतराव्या वर्षी तो शिकाऊ म्हणून पहिल्यांदा रोपवेवर आला. पुढे रोझविटा आली, आणि वरच्या वाऱ्यात डोलती खुर्ची कशी धरायची हे तो तिच्याकडून शिकला. आता तो तिचा साहेब आहे आणि दोघांनाही त्याची सवय झालेली नाही.

"झोप लागली?"

"लागली."

त्याने बूट दाराबाहेर काढले, आत वाकून नळ उघडला आणि हात पाण्याखाली धरून मनात तीसपर्यंत आकडे मोजले. पाणी वाहत राहिलं.

"वाहतंय," तो म्हणाला आणि खिशातून कागद काढला. मग दारातून बाहेर बघत तसाच थांबला. उजाडायला लागलं होतं. पांढऱ्या वाहनतळावर राखाडी खडीचा एक लांब पट्टा दिसत होता. मागच्या चाकापासून सुरू होऊन पायवाटेपर्यंत गेलेला, कडेने वळणं घेतलेला, नकाशावरच्या तळ्यासारखा.

"ही खडी कुणी टाकली?"

"मी."

"कधी?"

"सहाला."

"काल पाऊस नव्हता. हिम पडलं नाही. कशावर टाकलीस?"

रोझविटाने नळ बंद केला. "बर्फावर."

"कसला बर्फ?"

"माझ्या टाकीतला."

श्राटने कागदाची घडी घातली. "म्हणजे रात्री पाणी गेलं."

"गेलं. आत्ता बघितलंस ते मी परत भरलेलं."

"सांगणार होतीस?"

"तू विचारलंस तर."

"आणि खडी टाकली नसतीस, वर थोडं हिम ओढलं असतंस, तर मी विचारलंही नसतं."

"वर हिम ओढून ठेवलेल्या बर्फावर तुझा तिकीटवाला पाय ठेवून पडला असता तर? ते चाललं असतं तुला?"

बूट घालताना श्राट म्हणाला, "तीन रात्री असं ठरलं होतं, रोझविटा. मशीनघरात आणखी एक उशी मला परवडणार नाही."

"मी मशीनघरात झोपेन असं तुला वाटतं?"

"गेल्या वर्षीचा तो पण तसा वाटला नव्हता."

"कोर्बिनियान, पंधरा वर्षांपूर्वी तुझा हातमोजा दोरात अडकला तेव्हा रोपवे कुणी थांबवला?"

"ते मध्ये आणू नकोस."

"आणत नाही. नुसतं विचारलं."

त्याने घड्याळ बघितलं, मग गाडीच्या मागच्या दाराकडे बघितलं. "दुरुस्त होण्यासारखं आहे का?"

"नळी हातभर पुढे आणायची आहे. बस, एवढंच."

"यादी उद्या बाराला जाते. उद्या सातला मी परत बघतो. पंप बंद, चालू, तुझं तू बघ. पण पाणी रात्रभर आत राहिलेलं पाहिजे, सकाळी भरलेलं चालणार नाही. टाकी भर, मी पातळीला खूण करूनच जातो."

टाकी पुन्हा भरायला तिला वाहनतळाशेजारच्या खालच्या स्थानकावरून पाच खेपा कराव्या लागल्या. श्राटने पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली, खाली तारीख घातली आणि तो गेला.

आठ वाजता दुकान उघडलं तसा रोझविटाने फेफर्लेला फोन लावला. फोन खांद्याने कानाशी दाबलेला होता, कारण दोन्ही हात पलंगाखाली होते.

"बेस्लरबाई, सुप्रभात. कशी आहे आमची गाडी?"

"तुमच्या गाडीने रात्री नव्वद लिटर पाणी सोडलं."

"व्हॉल्व्ह उघडला असेल. तो सुरक्षेसाठी असतो."

"आत एकोणीस अंश असताना?"

"असं होऊ नये. पण हस्तांतरणाच्या कागदावर मुद्दा चौदा बघा. व्हॉल्व्ह तपासला, ठीक आहे. खाली तुमची सही आहे."

"तुमच्या हॉलमध्ये तपासला. तिथे वीस अंश होते."

"अर्थात. ग्राहकांना थंडी वाजू नये."

"व्हॉल्व्ह दाराच्या पत्र्याला लागून आहे, फेफर्लेसाहेब. गरम हवा तिथपर्यंत पोचतच नाही."

"सोपं काम आहे. नळीला एक जोड लावायचा. आमचा माणूस वीस मिनिटांत करेल. थांबा हं, वेळ बघतो." कागद चाळल्याचा आवाज आला. "चौदा जानेवारी. सकाळी नऊ."

"मला आज रात्री पाणी हवंय."

"चौदा जानेवारीच्या आधी कुणी हात लावला तर वॉरंटी जाते, हे मला सांगावं लागेल. नियम आहे." तो थांबला. "बाई, हा आवाज कसला?"

"पाव कापतेय."

"पावाचा असा आवाज येत नाही."

"आमच्याकडचा पाव कडक असतो."

फेफर्ले अनुभवी माणूस आहे. तो म्हणाला, "मी काही ऐकलं नाही, बेस्लरबाई. फक्त कापताना तारेला धक्का लावू नका. डावीकडची, लाल," आणि त्याने फोन ठेवला.

पाव कापायच्या सुरीने हवेची नळी कापायला तिला चाळीस मिनिटं लागली. नळी पुठ्ठ्याची होती, वरून ॲल्युमिनियमचा पातळ थर, आणि तो थर दातेरी सुरीत अडकून फाटत होता. पहिला काप वाकडा गेला. तिने तो चिकटपट्टीने बंद केला आणि दुसरा घेतला. मग कॉफीचा रिकामा डबा दोन्ही बाजूंनी उघडा करून जोडाच्या जागी बसवला, त्याला शेजारी एक भोक पाडलं आणि त्या भोकातून जुन्या नळीचा तुकडा व्हॉल्व्हकडे वळवला. हे काम तिला आवडलं नाही. नव्या गाडीत कॉफीचा डबा ठोकताना आनंद होईल असा माणूस आमच्या खोऱ्यात जन्मलेला नाही. दोनदा तिने सुरी खाली ठेवली, बाहेर जाऊन गाडीला एक फेरी मारली आणि परत आत आली.

दुपारी एकला तिने व्हॉल्व्हशेजारी थर्मामीटर ठेवला. बाहेर उणे चार होतं, व्हॉल्व्हपाशी अकरा. सूर्य कड्यामागे गेल्यावर, साडेतीनला, बाहेर उणे सात आणि व्हॉल्व्हपाशी नऊ. तिने दोन्ही आकडे त्या एकतीस प्रश्नांच्या वहीत मागच्या पानावर लिहिले. तीन अंश बाहेर उतरलं की आत दोन उतरतं, असा तिचा हिशेब होता. रात्रीचा अंदाज उणे तेराचा आहे. म्हणजे व्हॉल्व्हपाशी पाच. तीनपेक्षा दोन जास्त, पण वारा सुटला नाही तरच, आणि सुटला तर काय हे वहीत येत नव्हतं.

चार वाजता आलोईस रात्रपाळीला जाताना थांबला. त्याने पलंगाखाली डोकं घातलं.

"हा कॉफीचा डबा?"

"हो."

"माझा मेहुणा म्हणतो, चिमटा..."

"आलोईस."

"बरं, बरं. उणे तेरा सांगितलंय, कळलं ना?"

"कळलं."

"आणि पंप?"

"बंद केलाय."

खालच्या स्थानकाच्या काचेत श्राटने उद्याचा कामाचा तक्ता लावला आहे. शनिवार, सहा पंचेचाळीस: स्थानक उघडणे. सात: बेस्लर, टाकीची पातळी आणि नळ. सव्वासात: चाचणीची पहिली खुर्ची, वरच्या स्थानकासाठी. त्या शेवटच्या नोंदीपुढे नावाची जागा रिकामी आहे.