लिव्हरमधलं सोल

अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांचा हात आमच्या यांच्या उजव्या बरगडीखाली थांबला. पडद्यावर करड्या ठिपक्यांच्या गर्दीत एक काळपट गोल दिसत होता. "सोल इन राइट लोब," डॉक्टर टाइप करणाऱ्या मुलीला म्हणाले. मी विचारलं, सोल म्हणजे काय? "रिपोर्टमध्ये येईल. तुमच्या डॉक्टरांना दाखवा." यांच्या पोटावरची बुळबुळीत जेली पुसायला त्यांनी टॉवेल फेकला. तो आधीच्या पेशंटच्या जेलीने ओला होता.

आम्ही मुलुंडला राहत होतो. हे विक्रोळीच्या कारखान्यात फोरमन. महिनाभर यांच्या उजव्या कुशीत जड वाटत होतं, पँट सैल झाली होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लिव्हरचं टॉनिक दिलं. पोट चाचपून बघायचं त्यांना सुचलं नाही. शेवटी मी हट्ट धरला तेव्हा सोनोग्राफीची चिठ्ठी मिळाली. त्या काळी हे मशीन नवीन होतं, त्यासाठी घाटकोपरला जावं लागलं.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरींनी काढलेलं चित्र. लहरी आत जातात, अवयवांवर आपटून परत येतात, त्यावरून पडद्यावर आकार उमटतो. दुखत नाही. लिव्हर बघायचं तर उपाशीपोटी जायचं, आणि स्वतःचा नॅपकिन न्यायचा. पहिली सूचना ते देतात, दुसरी मी देते.

यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं, सोबत आल्या होत्या. दारातून त्यांना 'सोल' एवढंच ऐकू आलं. आम्ही मालवणकडचे, आमच्यात सोल म्हणजे आमसूल.

"मी तुका सांगी होतंय, रोज इतकी सोलां घालू नको," त्या जिन्यातच म्हणाल्या. "बसली ना जावन लिव्हरात!"

माझ्याकडे दुसरा अर्थ नव्हता. आमसुलांची बरणी घराबाहेर गेली. शेजारणी विचारायला लागल्या, सोल ऑपरेशनने निघतं का? हेही हसून सांगत, "बायकोने माझ्या पोटात कोकमाचं झाड लावलंय."

मग हॉस्पिटल. वॉर्डात फिनेल आणि लघवीचा मिळून एकच वास. खाटेखालचं बेडपॅन सकाळचं दुपारपर्यंत तसंच. उष्ट्या ताटांत मांजर तोंड घालायचं आणि कुणी हाकलायचं नाही. राउंडला डॉक्टर यांच्याभोवती उभे राहून इंग्रजीत बोलत, जणू खाटेवर माणूसच नाही. यांच्या पोटावर हात ठेवून एकाने दुसऱ्याला सिनेमाची तिकिटं मिळाली का, असंही विचारलं.

मोठ्या सर्जनना मी व्हरांड्यात अडवलं. तेव्हा कळलं. सोल ही तीन इंग्रजी अक्षरं, एस, ओ, एल. स्पेस ऑक्युपाइंग लिजन, म्हणजे जागा अडवून बसलेलं काहीतरी. "काहीतरी आहे, एवढं चित्रात दिसतं," ते म्हणाले. "काय आहे, ते दिसत नाही. खराब पाण्यातून जंतू जाऊन पू झाला असेल तर सुईने काढू, बरे होतील. गाठ असेल तर वेगळी गोष्ट."

नवऱ्याच्या पोटात पू निघू दे म्हणून देवाला नारळ बोलणारी बाई मीच असेन.

सीटी स्कॅनला शहरात जावं लागलं. त्यात क्ष-किरणांनी शरीराचे पावाच्या स्लाइससारखे काप दिसतात. शिरेतून औषध देतात, ते जाताना अंग गरम होतं, घाबरू नका. मग सोनोग्राफीत बघत लिव्हरमध्ये सुई घातली. पू आला नाही. एक बारीक तुकडा आला. तो तपासायला पाठवतात, त्याला बायॉप्सी म्हणतात. कॅन्सर होता, लिव्हरच्या दोन्ही बाजूंना. ऑपरेशन शक्य नव्हतं.

"त्यांना सांगू नका," सर्जन मला म्हणाले. "कोकम समजतायत ना? छान आहे. तेच चालू द्या." आणि हसले.

बेडपॅनची मला कधी किळस आली नव्हती. त्या हसण्याची आली.

मी वन्संना खरं सांगितलं. त्या रडल्या, डोळे पुसून आत गेल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं भावाला म्हणाल्या, "सोल सुकत इलां हां. डॉक्टर म्हणाले."

त्या डबा आणायला घरी गेल्यावर यांनी मला जवळ बसवलं.

"सोल सुकतं म्हणे. मी फोरमन आहे गं, खुळा नाही. सुई घातल्यापासून माझ्याशी सगळे गोड बोलायला लागलेत. कॅन्सर आहे ना?"

"हो."

"किती दिवस?"

"काही महिने, म्हणाले."

यांनी भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "डिस्चार्ज माग. या घाणीत मी मरणार नाही. आणि मला कळलंय हे ताईला मी सांगतो, तू नको सांगूस."

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टर अक्षरं बोलतील. प्रत्येक अक्षराचा अर्थ तिथेच, उभ्या उभ्या विचारा. ते कपाळाला आठ्या घालतील, घालू द्या. आणि पेशंटने विचारलं तर त्याला खरं उत्तर द्या. आजार त्याचा आहे.

घरी आल्यावर यांनी आधी आंघोळ मागितली. मी पाठ चोळली, साबण दोनदा लावला. पुढे जेवढे दिवस मिळाले त्यांत हे पुष्कळ चिडले, दोनदा रडले, वन्संशी भांडले, आणि मला गॅसचा रेग्युलेटर बदलायला शिकवला. आमच्यापैकी कुणालाही खोटं बोलावं लागलं नाही. त्याबद्दल मी यांचेच आभार मानते, कारण विचारलं यांनी. यांच्या जागी मी असते, तर विचारलं नसतं.