खालून कापलेला परिच्छेद

"समुद्र शांत आहे, ह्या तुमीच लिवलात ना, बाय?"

समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवलं. कात्रण आमच्याच पेपरचं होतं. मथळा माझा: 'समुद्र शांत, पेटलाय तो स्टुडिओ'. खाली माझं नाव. सकाळचे अकरा वाजले होते आणि ऑफिसात मी आणि शिपाई, दोघंच. कात्रण घेऊन येणारा वाचक एकतर कौतुक करायला येतो नाहीतर भांडायला. यांचा चेहरा भांडणाचा नव्हता. म्हणून मी खुशीत म्हटलं, "हो, मीच."

"बरा झाला," ते म्हणाले. "मला वाटला, तुमी मुंबैला बसत असाल."

मी रत्नागिरीतल्या एका दैनिकात एकवीस वर्षं डेस्कवर आहे. बातमीदार बाहेर फिरतात, आम्ही डेस्कवाले आत बसून त्यांच्या बातम्या नीट करतो, मथळे देतो, पानात बसवतो. जगाच्या बातम्या आणायला अर्थातच आमचा कोणी बातमीदार जात नाही. त्या वृत्तसंस्थेकडून येतात. त्याला आमच्यात एजन्सी कॉपी म्हणतात. एजन्सी कॉपीची रचना ठरलेली असते. महत्त्वाचं सगळ्यात वर, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की खालून कापायचं. डेस्कवर आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. मलाही शिकवलं होतं, आणि मी पुढे दहा-बारा जणांना शिकवलं.

आमच्या चौथ्या पानावर डाव्या कोपऱ्यात एक चौकट असायची, 'दुसरी बाजू'. तीनशे शब्द. कल्पना माझी. टीव्हीवर आठ माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडतात आणि आपण आमटीभात कालवत ते बघतो, याचा मला मनस्वी वैताग होता. सगळे एका सुरात ओरडत असतील तर कोणीतरी शांतपणे वेगळं सांगावं, असं वाटायचं. सुरुवातीला मी खरोखर अभ्यास करून लिहायची. नंतर हात बसला. टीव्हीचा आवाज बंद करायचा, खालच्या पट्ट्या वाचायच्या, कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे ते काय म्हणतात, उजवीकडे त्याच्या उलट. मग उजव्या बाजूला आधार मिळेल असं एजन्सी कॉपीतून शोधायचं. आधी उत्तर, मग पुरावा. हा क्रम चुकीचा आहे हे मला कळत होतं. पण चौकट वेळेत भरायची.

आणि लोकांना आवडायची. हातखंब्याच्या टपरीवर ट्रकवाले वाचतात, मिरकरवाड्याला माशांचा लिलाव आटपला की जेटीवर मोठ्याने वाचतात, असं आमचा वितरण विभाग सांगायचा. भाजी घेताना बायका थांबवून विचारायच्या, "युद्धाचं काय हो, खरंच होणार?" मी सांगायची. कधी न पाहिलेल्या देशांबद्दल मी मारुती मंदिरच्या नाक्यावर उभं राहून ठामपणे बोलायची. आता आठवलं की लाज वाटते.

ते कात्रण ज्या दिवशीचं होतं, तो दिवस मला चांगला आठवतो. पलीकडे अरबांच्या मुलखाजवळ, तेलाची जहाजं ज्या चिंचोळ्या पाण्यातून जातात तिथे, लढाई पेटली होती. एका जहाजाला आग लागली होती आणि सगळ्या चॅनेलवर त्याच आगीची तीच क्लिप सकाळपासून फिरत होती. आमचे संपादक सुर्वेसाहेब केबिनच्या दारात उभे राहिले.

"चारला पान सोडायचंय. दुसरी बाजू काय आज?"

पान सोडायचं म्हणजे छपाईला पाठवायचं. त्यानंतर बदल नाही.

"एकच जहाज आहे, दिवसभर तेच दाखवतायत," मी म्हटलं. "बाकीची जातायतच की."

"मग तेच कर. जरा खुसखुशीत कर."

मी केलं. कॉपीत वरच लिहिलं होतं की त्या वाटेने बहुतेक जहाजं रोज सुखरूप पार होत आहेत. ते घेतलं. विम्याचे दर वाढले की कोणाचा फायदा होतो, ते घेतलं. स्टुडिओत लाल दिवे लावून युद्धाचा नकाशा नाचवणाऱ्या एका निवेदकाच्या टायवर चार ओळी लिहिल्या. त्या फार जमल्या होत्या. सुर्वेसाहेब वाचून हसले.

कॉपीच्या तळाला एक परिच्छेद होता. तेलवाहू जहाजांना बाकीच्या जहाजांपेक्षा जास्त धोका आहे, अशा पट्ट्यात जायला नकार देण्याचा खलाशांना हक्क आहे, आणि त्यांनी तो वापरावा असं खलाशांच्या संघटनेचं सांगणं आहे. तो घेतला नाही.

समोरच्या गृहस्थांचं नाव दत्ताराम. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचे. पहाटेच्या एसटीने निघून आले होते. आयुष्यभर तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख. बोट कधी काढायची, कधी नाही, हे तांडेल ठरवतो आणि बाकीचे त्याच्या जिवावर दर्यात जातात. त्यांचा एकुलता मुलगा संकेत तेलाच्या जहाजावर इंजिनरूममध्ये ऑयलर होता, म्हणजे यंत्रांना वंगण घालणारा खलाशी.

मी शिपायाला चहा सांगितला. तोवर मला काही कळलेलं नव्हतं.

"जहाज त्या चिंचोळ्या पान्याबाहेर नांगरावर होता," दत्तारामकाका सांगू लागले. "कंपनीचा कागद आला, पुढं येनार की उतरनार ता उद्यापरयंत लिवून द्या. संकेतचा फोन आला. त्याची आई बोलली, उतर. टीवीवर आग बघून ती जेवलेली नवती. मग त्यानं मला इचारला, बाबा, काय करू?"

कात्रणाचा दुमडलेला कोपरा त्यांनी अंगठ्याने सरळ केला.

"आमच्या दर्याचा मला कोनी सांगावा लागत नाय, बाय. वारा बगून मी बोट काढतो. सगळे गेले तरी मी गेलो नाय, असा पन झालाय. पन तो दर्या माझा नवता. मला काय ठावं तिथला? मग तुमचा पेपर आला सकाळच्या गाडीन. मी त्याला फोनवर सगळा वाचून दाखवला. त्या टायचा वाचला तेवा तो हसला. बोलला, बरोबर हाय बाबा, हितं तर काय दिसत नाय."

शिपाई चहा ठेवून गेला. कपाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

"कंदी झालं?" मी विचारलं. माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"आज नववा दिवस. इंजिनाच्याच बाजूला लागला. त्याची ड्यूटी होती."

ती बातमी मी पाहिली होती. मीच लावली होती, आतल्या पानावर, एका कॉलमात. 'तेलवाहू जहाजावर हल्ला, तीन खलाशी बेपत्ता'. नावं आली नव्हती. जागा कमी होती म्हणून तीही मी खालून कापली होती.

मला वाटलं, आता हे मला बोलणार. बोलावं, असंच वाटत होतं. त्यांनी चहाचा कप फेकून मारला असता तरी मी हलले नसते. पण ते पुढे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "टीवीवाले बोलतात, इंजिनरूममधला कोन वाचला नाय. सगळे तेच बोलतात. त्याची आई टीवी बंद करू देत नाय. म्हनून आलो. तुमी दुसरी बाजू लिवा."

मी एकवीस वर्षांत बरेच प्रसंग पाहिले. धमक्या ऐकल्या, नोटिसा घेतल्या. असं कोणी काही मागितलं नव्हतं.

मी त्यांना बसवून फोन सुरू केले. हातांना काहीतरी काम हवं होतं. जहाजावर माणसं पुरवणाऱ्या मुंबईच्या ऑफिसात एक मुलगी फोनवर आली. "मॅम, वी आर इन टच विथ द फॅमिली," ती म्हणाली. फॅमिली माझ्यासमोर बसली आहे, असं मी सांगितलं. तिने मला होल्डवर ठेवलं. मग एक अधिकारी आले. त्यांनी सभ्यपणे सांगितलं की इंजिनरूममध्ये पाणी भरलं होतं, शोध तीन दिवसांनी थांबवला आहे, आणि हे घरच्यांना पत्राने कळवलं आहे.

"पत्र आलं का, काका?"

"आला. इंग्रजीत हाय. शेजारच्या सुनेनं वाचलान. ती बोलली, मला नीट कळत नाय." त्यांनी कात्रण स्वतःकडे ओढलं. "तिला कळतंय."

सुर्वेसाहेब बाराला आले. मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. डोक्याला हात लावून बसले. मग म्हणाले, "मुलाचा फोटो आहे का त्यांच्याकडे?"

"साहेब."

"अगं, बातमी आहे ती. आणि ते म्हणतायत तर लिही ना दुसरी बाजू. चमत्कार होतात, आशा सोडू नये, असं काहीतरी. म्हाताऱ्याला बरं वाटेल."

"ते खोटं आहे."

"मग आधीचं काय होतं?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मी केबिनमधून बाहेर आले.

मी माझ्या कॉम्प्युटरवर त्या दिवशीची एजन्सी कॉपी शोधली. सगळ्या कॉप्या महिनाभर राहतात. प्रिंट काढली, दत्तारामकाकांसमोर बसले आणि तळाचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवला. तेलाच्या जहाजांना जास्त धोका. नकार देण्याचा हक्क. हक्क वापरावा.

"हे त्याच दिवशी आलं होतं, काका. मी छापलं नाही."

"का?"

"जागा नव्हती," मी म्हटलं. "जागा नसली की आम्ही बातमी खालून कापतो."

ते प्रिंटकडे बघत राहिले. त्यांना अक्षर लागत होतं, पण ते वाचत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "टीवीवाले पन कापतात?"

"हो. सगळेच कापतात."

"म्हंजे आमाला दाखवतात ता सगळा नसतो."

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. ती आशा होती. माझ्या कबुलीतून त्या माणसाने आशा काढली होती. "मग त्या दिवशीचा पन खालचा कापलेला आसंल," ते म्हणाले. "कोन सापडला आसंल, कोनाला दुसऱ्या जहाजानं घेतला आसंल, ता खाली आसंल. तुमी बगाल, बाय?"

मी बघितलं. त्यांच्या शेजारी बसून हल्ल्याच्या प्रत्येक कॉपीची शेवटची ओळ वाचली. एका कॉपीच्या तळाला तेलाचे भाव होते. दुसरीत दोन देशांची निवेदनं. तिसरीत जहाज कोणत्या साली बांधलं ते. संकेतबद्दल कुठेच काही नव्हतं. "आज नाय," काका म्हणाले आणि उठले. दोनच्या गाडीने ते परत गेले. कात्रण त्यांनी पुन्हा पिशवीत नीट ठेवलं.

'दुसरी बाजू' मी त्या आठवड्यात बंद केली. सुर्वेसाहेबांनी कुरकुर केली, मग त्या जागी राशिभविष्य आलं. तक्रारीची दोन पत्रं आली. आता मी जिल्ह्याचं पान बघते, भरती-ओहोटीच्या वेळा आणि आंब्याची आवक.

दत्तारामकाकांचा फोन मात्र येतो, दर सोमवारी सकाळी. "खाली काय हाय, बाय?" एवढंच विचारतात. मी त्या समुद्राची जी कॉपी आली असेल ती तळापर्यंत वाचते. पहिल्या महिन्यात रोज पाच-सहा यायच्या. मग लढाई निवली, बातम्या दुसरीकडे गेल्या. आता कित्येक सोमवार काही नसतं. "आज कॉपीच नाही, काका," मी सांगते. "बरा. पुढल्या सोमवारी बगू," असं म्हणून ते ठेवतात. त्यांना एकदा स्पष्ट सांगून टाकावं, असं दर वेळी ठरवते आणि दर वेळी शेपूट घालते.

डेस्कवर नवीन मुली येतात. मी त्यांना जुनाच नियम शिकवते, फक्त एक वाक्य वाढवून. खालून कापा, पण कापायच्या आधी ते वाचा. त्या वहीत लिहून घेतात.

त्या दिवशी जागा होती. चार ओळींचा टाय काढला असता तर परिच्छेद आरामात बसला असता. मी तो वाचूनच कापला होता, हे मी मुलींना सांगत नाही. काकांनाही सांगितलेलं नाही.