नाव तालात बसत नव्हतं

रविवारचं जेवण अंगावर येतं, पेपर तोंडावर पडतो आणि बातम्यांच्या खालून बेस गिटार ऐकू यायला लागते. पेपर बाजूला करतो तर मी एका हॉटेलात आहे, कुणाच्या तरी अल्बमच्या प्रकाशनाला. दाराशी अंतोन तुस्कानो उभा. तो मार्चमध्ये गेला. इस्त्रीच्या शर्टात मेलेला वाटत नाही.

"उशीर केलास, चिंत्या."

"तू लवकर गेलास."

आत रेगे संगीतातले दोन जुनेजाणते जमैकन गायक बसलेत. यांच्याच तबकड्या वाजवत आम्ही दोघांनी वसईभर स्पीकर वाहिले. एकाच्या जटा कमरेपर्यंत. दुसरा डान्सहॉलवाला, म्हणजे रेगेच्या ठेक्यावर भराभर बोलत गाणारा, सोन्याचा दात, बटाटेवडा खातोय. "तिखट कमीय," तो मराठीत म्हणतो. मला त्यात काही खटकत नाही. हॉटेल आता चर्चचा हॉल झालंय.

या लोकांत एक रीत आहे. गायक आपलं गाजलेलं गाणं एखाद्या स्पीकरवाल्यासाठी त्याचं नाव घालून पुन्हा गातो. तशी एकच तबकडी निघते. आम्ही कॉलेजपासून तिची वाट बघितली. हॉस्पिटलात अंतोन म्हणाला होता, झालं रेकॉर्डिंग, दोघांची नावं आहेत.

आता तो तीच तबकडी लावून सुई टेकवतो. जटावाले काका गातात: अंतोन, वसईचा राजा. मी पुढच्या नावासाठी थांबतो. गाणं संपतं.

"माझं?"

"तालात बसत नव्हतं रे. चिंतामणी. केवढं लांब."

"चिंत्या बसलं असतं."

"ते काकांना म्हणता येईना."

"चिंत्या," सोन्याचा दात स्वच्छ म्हणतो आणि पुढचा वडा उचलतो.

लोक टेबलं बडवतात. गाणं आवडलं की सुई उचलून पहिल्यापासून लावायचं, ही त्यांची दुसरी रीत. अंतोन लावतो. राजा पुन्हा एकटाच. हॉल आता आमच्या कॉलेजचा जिना आहे आणि पायरीपायरीवर टाळ्या.

"सांगायचं तरी होतंस."

"मग हॉस्पिटलात आला नसतास."

"आलो असतो."

"तोंड पाडून आला असतास. मला तसा नको होतास."

तो तिसऱ्यांदा सुई टेकवतो. मी फिरत्या तबकडीवर अंगठा दाबतो. काकांचा आवाज जाड होत होत बुडतो, नावाच्या जरा अलीकडे. सुई आडवा चर पाडत जाते. आता गाण्यात आम्ही दोघंही नाही.

"बरं वाटलं?" अंतोन विचारतो.

"नाही."

तो माझ्याकडे न बघता सुई पुसत बसतो.

पायरी मऊ होते, उशी होते. आतून बायको विचारते, चहा टाकू का. मी उजवा हात उजेडात धरतो. अंगठ्याच्या पेरावर गोलसर काळी रेघ उठलीय, आणि तिच्या कडेने कातडी भाजल्यासारखी सोललीय.