‘सर’ म्हणायला वेळ नव्हता

मधूदादा काल गेला.
‘शांत झाला’ असं कोणी लिहू नका. तो शांत कधीच नव्हता.

माझा थोरला भाऊ. अमरावतीच्या वकिलाचा मुलगा. साठच्या दशकात डाकोटा विमानावर को-पायलट.

पुण्या-मुंबईचे सहकारी त्याच्या बोलण्याला हसायचे. कोणी काही सांगितलं, की याचं पहिलं उत्तर वऱ्हाडीत, "काहून?" म्हणजे ‘का?’

बाबा चिडायचे. "मधू, तोंड आवर. हे तोंड तुझी नोकरी खाईल."

त्या काळी को-पायलटने कॅप्टनला चूक दाखवायची नसे. फार तर हळूच विचारायचं, "सर, एकदा चेक करू या का?"

एका दुपारी नागपूरहून त्यांचं विमान उठलं. चाकं नुकतीच जमिनीवरून सुटलेली, आणि डावं इंजिन गेलं.

अशा वेळी बिघडलेलं इंजिन बंद करायचं आणि दुसऱ्याच्या जोरावर विमान सांभाळायचं.

घाईत कॅप्टनचा हात गेला उजव्या इंजिनाच्या बटणाकडे.
चांगल्या इंजिनाच्या.
मागे भरलेलं विमान.

दादाने त्यांचं मनगट धरलं आणि तो ओरडला, "काहून? ते चांगलं आहे! डावं गेलं, डावं!"

कॅप्टनने वाद घातला नाही. हात मागे घेतला, डावं बंद केलं. म्हणाले, "मी विमान धरतो. तू चेकलिस्ट मोठ्याने वाच."

दोघांनी मिळून विमान वळवलं आणि परत नागपूरला उतरवलं. कोणाला खरचटलंही नाही.

दादा सुटीवर घरी आला तेव्हा मी बी.ए.ला होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.
"कॅप्टनचा हात धरला? मागे बसलेल्या रेडिओ ऑफिसरच्या देखत? गेली नोकरी. आता माझ्यासोबत कोर्टात चल."

त्याच आठवड्यात कॅप्टन स्वतः आमच्या दारात. हातात संत्र्यांची पिशवी.

बाबा हात जोडून उभे. "साहेब, पोराच्या वतीने मी माफी मागतो."

"माफी कसली, वकीलसाहेब? हा ‘सर’ म्हणत बसला असता, तर मी आज इथे नसतो."

आतून आई, "म्हंजे सर नाही म्हटलं का यानं? किती शिकवलं याले!"

कॅप्टन इतके हसले, की बाबांनाही हसावं लागलं.
मग म्हणाले, "चूक माझी होती, हे मी कंपनीला सांगितलंय. आणि माझ्या शेजारी हाच हवा, हेही."

मी दादाचं कौतुक केलं की तो उडवून लावायचा. "अवं, ओरडणं सोपं होतं. त्या माणसानं ऐकलं, ते अवघड."

पुढे दादा स्वतः कॅप्टन झाला.

काल अकोल्याला दादाच्या घरी अंत्यदर्शनाला त्याचे एक जुने को-पायलट काठी टेकत आले होते. म्हणाले, "ताई, त्यांच्यासोबतच्या पहिल्याच फ्लाइटला मी घाबरत म्हणालो, ‘सर, आपण फार खाली आहोत.’ त्यांनी लगेच विमान वर घेतलं. उतरल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘बरोबर होतं तुझं. पण इतकं हळू बोलून राहिला? पुढच्या वेळी जोरात सांग.’"

असा कॅप्टन माझा भाऊ होता.

दादा, तुला घरच्यांचा आणि तुझ्यासोबत उड्डाणं केलेल्या सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.